बारदान वजा जाता

किस्से हे पोत्यांच्या थप्पीसारखे असतात. वरचं पोतं हाताला लगेच येतं. खरा माल खालच्या पोत्यात असतो, आणि ते ओढायला गेलं की सगळी थप्पी अंगावर येते. मी उभा जन्म लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली केली, त्यामुळे मला असलंच काहीतरी सुचतं. जर्मनीहून परत आल्यापासून लोक विचारतात, सोपानकाका, तिकडचं काही सांगा की. तिकडचं काय सांगू? रस्ते स्वच्छ, माणसं कमी बोलणारी. आमचे किस्से सगळे जायच्या आधीचे. गुंडप्पाच्या हाटेलात बसलं की त्यातला एखादा निघतोच. निघताना हसू येतं. चहा संपेपर्यंत ते टिकत नाही.

हाटेलात आमची तिघांची बैठक. किसन माझ्या जोडीचा हमाल. एका पोत्याची दोन टोकं धरून आम्ही म्हातारे झालो. रसूलभाई तोलार, म्हणजे काट्यावर माल तोलणारा. आणि मी. तिघांचं काम सुटलं, बसायची जागा सुटली नाही. माझी एकुलती लेक सुनीता नर्सिंग शिकली आणि जर्मनीत एका दवाखान्यात लागली. जावईही तिकडंच. तिनं आम्हा दोघांना, मला आणि तिच्या मायला, तीन महिन्यांसाठी बोलावलं. पार युरोपात! आमच्या बैठकीतलं कुणी तोवर हैदराबादच्या पुढं गेलेलं नव्हतं.

*

पासपोर्टसाठी नांदेडला जावं लागलं. आदल्या दिवशी मुदखेडला मेहुणीकडं मुक्काम केला. सकाळी ही नवं लुगडं नेसून तयार, केसाला तेल, जणू लग्नालाच निघाली.

तिथं एका काचेवर बोटं ठेवायची होती. हिनं ठेवली आणि मशीननं लगेच घेतली. मी ठेवली, तर मशीन गप्प. परत ठेवली. खिडकीतली पोरगी म्हणाली, काका, जरा दाबून. मी दाबलं. मला दाबायला काय सांगावं लागतं? पण काही उमटेना. जन्मभर तागाची पोती ओढून बोटांवरच्या रेघाच झिजून गेलेल्या. तिनं माझा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "काका, तुमच्या हाताला रेघाच नाहीत."

मी म्हणालो, "होत्या ताई. तुरीच्या पोत्यांवर ऱ्हायल्या."

पोरगी चांगली होती. हात थोडे दिवस मऊ ठेवा आणि परत या, म्हणाली. लातूरला आल्यावर ही रोज संध्याकाळी दुधावरची साय काढून माझी दहा बोटं चोळायची. चोळताना चिडवायची, "मशीननं मला घेतलं, तुम्हाला न्हाई. ऱ्हावा तुम्ही मोंढ्यात. मी जाते एकटी."

पुढच्या खेपेला माझीही बोटं उमटली. दोघांचे पासपोर्ट आले. ती म्हणाली तशी एकटीच गेली, पण दुसरीकडं.

*

ते कसं झालं तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल.

पासपोर्ट आले आणि पाठोपाठ सुनीताचा फोन आला, की दिवस गेलेत. मग काय, हिच्या अंगात वारंच शिरलं. आमच्याकडं पहिलं बाळंतपण मायकडं होतं. लेक येऊ शकत नसली तर माय जाणार. फिरायला जायचं होतं ते बाळंतपणाला जायचं झालं. त्याच दिवशी हिनं ट्रंकेतली जुनी लुगडी काढली आणि वाकळ शिवायला घेतली. बाळ आणि बाळंतीण दोघं मावतील एवढी मोठी. तिच्या लग्नातलं हिरवं, सुनीताच्या बारशाचं जांभळं, सगळी त्यात. दुपारची कामं आवरली की उंबऱ्यात पाय पसरून बसायची आणि टाके घालत राहायची.

मी म्हणायचो, "अगं, तिकडं दुकानात मऊ मऊ चादरी मिळतात म्हणे."

"मिळू द्या. त्याला आजीचा वास येतो का?"

एक कोपरा तेवढा राहिला होता. एका दुपारी टाका घालता घालता छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, पण नेण्यापुरतंच. सुनीताला त्या अवस्थेत डॉक्टर विमानात बसू नको म्हणाले. तिनं मायला फोनवरच पाहिलं. फोन किसननं धरला होता.

वाकळ उंबऱ्यातच पसरलेली होती. शेजारच्या बायांनी उचलून घडी घातली आणि ट्रंकेवर ठेवली.

*

त्यानंतर मी जायचं नाहीच म्हणत होतो. बाळंतपणाला बाप जाऊन काय करणार? हाटेलात तसं बोललो. किसन घरी जाऊन बायकोला बोलला असणार, कारण दुसऱ्या दिवशी शेवंतावहिनी स्वतः आल्या. हातात भोपळा.

"भावजी, पाय पसरा."

पहिलं मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. बाळाला दोन नडग्यांवर पालथं घ्यायचं, मान हातावर, तेल लावायचं, कोमट पाणी घालायचं, कानात जाऊ द्यायचं नाही. मी म्हणालो, वहिनी, लेक नर्स आहे, तिला सगळं येतं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याची नर्स आसंल. बाळंतीण सोताची नर्स व्हती का कुठं? तिला कुणीतरी, तू झोप, मी बघतो, असं म्हणणारं लागतं."

मग माझ्याच अंगणात माझी शाळा भरली. भोपळ्याला मी तेल लावतोय, पाणी घालतोय, आणि किसन, रसूलभाई समोर बाजेवर बसून बघतायत. भोपळा गुळगुळीत, त्यात तेल. दोनदा निसटला. किसन म्हणाला, "सोपान्या, एक नातू गटारीत गेला तुझा."

हसलो सगळे. मग रसूलभाईनं भोपळा उचलून दोन्ही हातांवर तोलला. सवयच ती. म्हणाला, बराबर है, नवं लेकरू एवढंच भरतं. आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "सोपान, क्विंटल की बोरी उठाते टायम हात नहीं कांपा तेरा. अब कायकू कांप रहा?"

त्यावर शेवंतावहिनींनी सहज विचारलं, की तुम्हा तिघांत कुणी सोताच्या लेकराला कधी पायावर घेतलं होतं का. तिघांची मिळून नऊ लेकरं. किसन उठून भोपळ्यावर पाणी घालायला लागला.

*

थंडीचा किस्सा किसनच्या डोक्यातला. सुनीतानं फोनवर सांगितलं होतं, बापू, इथं थंडी लई आहे, सवय करून या. आता लातुरात थंडीची सवय कुठं करायची? आमची थंडी म्हणजे पहाटे एक शाल आणि नऊ वाजता उन्हात.

किसन म्हणाला, चल, युरोप दाखवतो. आणि मला चिंचेच्या कोल्ड स्टोरेजला घेऊन गेला. तिथली पोती आम्हीच कधीकाळी लावलेली, वॉचमन ओळखीचा. त्यानं दार उघडून दोघांना आत सोडलं आणि म्हणाला, आवाज द्या, काढतो.

मी घरून दोन स्वेटर नेले होते. हिनं दुकानात तासभर घासाघीस करून दोघांसाठी सारखेच घेतलेले, एक माझा, एक तिचा. तिच्यावरची दुकानाची चिठ्ठीही निघालेली नव्हती. किसनकडं स्वेटर नव्हता, म्हणून मी तिचा त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलगडला. बाईमाणसाची गुंडी बघितली, चिठ्ठी बघितली, आणि परत घडी करून मांडीवर ठेवला.

"घाल की," मी म्हणालो.

"मला न्हाई वाजत थंडी."

बसलो दोघं चिंचेच्या पोत्यांमधी. त्याचे दात असे वाजत होते की मला बोलायची सोयच राहिली नाही. मी दोनदा म्हणालो, घाल. तो दोनदा म्हणाला, न्हाई वाजत. शेवटी मीच वॉचमनला आवाज दिला. बाहेर आल्यावर किसन उन्हात भिंतीला पाठ लावून उभा राहिला. ओठ निळे पडलेले. स्वेटर माझ्या हातात दिला, घडी जशीच्या तशी.

घरी आलो तर शेजारीण विचारते, काका, चिंच फोडायला गेला होतात का? आमच्या युरोपाला चिंचेचा वास होता, एवढं खरं.

*

आता वाकळीचा तो राहिलेला कोपरा.

तो उघडा होता. आतली चिंध्यांची भर दिसायची. मी गल्लीतल्या एकीला म्हणालो, जरा चार टाके घाला. ती म्हणाली, तिच्या हातचा टाका लई बारीक, माझा तिथं बरा दिसणार नाही. दुसरीही तेच म्हणाली. शेवंतावहिनींनी घेतली, दोरा ओवला, टोक कोपऱ्यापाशी नेलं आणि तशीच बसून राहिल्या. मग वाकळ माझ्याकडं सरकवली. "हात चालंना भावजी."

किसनला वाटलं, आता आपणच. तो घरून दाभण आणि सुतळी घेऊन आला. आम्ही हमाल पोत्याचं तोंड शिवतो ना, त्या हिशोबानं. म्हणाला, असा टाका घालतो की वाकळ फाटंल, टाका फाटणार न्हाई. आणि खरंच दाभण खुपसलं. वहिनी त्याला म्हणाल्या, "लेकरू गुंडाळायचं हाय त्यात, हरभरा न्हाई भरायचा." मी सुतळी ओढून काढली. म्हणालो, राहू द्या. तिचं जिथं थांबलं तिथं थांबू द्या.

पण दुसरीच काळजी निघाली. तिची सुई कुठाय? तिच्या डबीत नव्हती. उंबऱ्यात नव्हती. त्या धांदलीत वाकळीतच अडकून घडीत गेली असेल तर? बाळाला टोचली तर? वहिनींनी सगळी वाकळ बोट बोट चाचपली. रसूलभाईनं बँडवाल्याच्या मोडक्या भोंग्यातलं लोहचुंबक आणलं आणि वाकळीवरून फिरवलं. बाजेचा एक खिळा तेवढा सापडला. शेवटी सगळ्यांचं ठरलं, की सुई तिच्याबरोबर गेली. मी परत दोनदा चाचपून बघितली आणि बॅगेत सगळ्यात खाली ठेवली.

*

बॅग भरली तेव्हा प्रश्न आला वजनाचा. तिकिटावर जेवढं लिहिलंय तेवढंच न्यायचं, जास्त चालत नाही, असं जावयानं बजावून सांगितलं होतं. वाकळ, शेवंतावहिनींचे डिंकाचे लाडू, शेपा, ओवा, काळं तिखट, माझे कपडे, स्वेटर.

रसूलभाईला लई दिवसांनी काम लागलं. त्याला कुणाचा घरगुती काटा चालेना. मोंढ्यातच चला म्हणाला. दुपारी सौदे संपल्यावर आम्ही बॅग घेऊन गेलो. त्यानं टोपी नीट केली, काटा झाडला, रिकामा काटा तपासला. बॅग ठेवली आणि पहिल्या मापाला म्हणायचं तसं म्हणाला, "बरकत."

थोडं जास्त निघालं. एक लाडवाचा डबा काढला. परत तोललं. रसूलभाईनं डोळे मिटले, ओठ हालवले, आणि म्हणाला, काट्यावर काटा, एक चिमूट इकडं न्हाई, एक चिमूट तिकडं न्हाई.

नव्या हमालांनी टाळ्या वाजवल्या. आडतवाल्या शेठनं सगळ्यांना चहा सांगितला. मला तेव्हा एकच वाटलं, ही असती तर तिनं त्या काढलेल्या डब्यातले चार लाडू तरी पदरात लपवून नेले असते.

*

आणि हा विमानतळावरचा. बैठकीत हा सांगायला मला सगळे लावतात आणि सांगायला लागलो की सगळे खाली बघतात.

हैदराबादला किसन आणि रसूलभाई जीपनं सोडायला आले. ज्याचं तिकीट त्यालाच आत सोडतात. ते दोघं काचेबाहेर, मी आत. तिथल्या पोरीनं बॅग पट्ट्यावर ठेवली, आकडा बघितला आणि म्हणाली, चाचा, वजन जादा है. बरंच जास्त होतं. मी म्हणालो, बेटी, आमच्या रसूलभाईनं तोललंय. तिला काय ठावकी रसूलभाई कोण.

मी त्याला फोन लावला. काचेतून तो मला दिसत होता. मी सांगितलं, एवढं जास्त भरतंय. मग बघतो तर त्यानं फोनचा हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं कपाळ धरलं. फोन परत कानाला लावला आणि म्हणाला, "सोपान. बारदान काट दिया रे मैंने."

मोंढ्यात माल तोलला की पोत्याचं वजन वजा करतात आणि निव्वळ माल सांगतात. त्याला बारदान काटणं म्हणतात. जन्मभर त्यानं तेच केलं. त्या दिवशी डोळे मिटून ओठ हालवले, तेव्हा माझ्या बॅगेचं बारदान वजा करून त्यानं मला निव्वळ माल सांगितला होता. विमानवाले बारदानासकट तोलतात हे त्याच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

बॅग तिथंच फरशीवर उघडली. मागं लोक खोळंबलेले. लाडू काढावेत, तर बाळंतिणीनं खायचं काय? तिखट काढून काय होणार, त्याला वजनच किती? वजन होतं ते वाकळीचं. रसूलभाई फोनवर म्हणत होता, वाकळ बाहेर दे, मी पार्सलनं पाठवतो, पोचती करतो, खुदा की कसम. किसन काचेला तोंड लावून उभा.

मी वाकळ काढली. बाजूला ठेवली. बॅग परत पट्ट्यावर गेली. बराबर भरली. पोरीनं चिठ्ठी बांधली आणि बॅग आत निघून गेली. माझ्या हातात वाकळ. दारातल्या शिपायाकडं निघालो होतो बाहेर द्यायला. चार पावलं गेलो आणि मला हमाली आठवली. पाऊस आला, ऊन आलं, पाठीला पोतं रुतलं, की आम्ही काय करायचो? गोणपाटाची खोळ करायची, एक कोपरा दुसऱ्यात घालायचा आणि डोक्यावरून पाठीवर सोडायची. तशी मी त्या वाकळीची खोळ केली आणि डोक्यावर घेतली. अंगावरचं कोण तोलतंय?

पोरगी बघत राहिली. काचेबाहेर किसननं दोन्ही हात वर केले, आम्ही गाडी भरून झाल्यावर करायचो तसे.

पुढं पासपोर्ट बघणारा होता. त्यानंही फोटो बघितला, खोळ बघितली आणि शिक्का मारला. त्याच्या पुढं तपासणी. तिथं वर्दीतली एक बाई म्हणाली, ये निकालो. मी खोळ उतरवली. वाकळ ट्रेमधी घालून मशीनमधी गेली, आणि मशीन थांबलं. पडद्यासमोरच्या माणसानं बाईला बोट दाखवलं.

"चाचा, इसमें क्या है?"

मी म्हणालो, काही न्हाई, लुगडी हायत.

तिनं वाकळ टेबलावर पसरली. तो उघडा कोपरा तिला दिसला. तिथून तिनं दोन बोटं आत घातली, हिरव्या तुकड्याच्या खालून, जिथं वहिनींची बोटं पोचली नव्हती, चुंबक पोचलं नव्हतं. आणि सुई बाहेर काढली. दोरा ओवलेला. दुसरं टोक वाकळीतच.

बाई म्हणाली, सुई नहीं ले जा सकते. मी मान हालवली. मग तिनं विचारलं, किसने बनाया?

मी म्हणालो, "लेकीच्या बाळाला हाय. शिवणारी ऱ्हायली न्हाई."

मराठी तिला किती कळलं मला माहीत नाही. ती सुई हातात धरून थोडी थांबली. मागची लाईन थांबली. पडद्यासमोरचा माणूस मान वळवून बघायला लागला.

तिनं कोपरा दुमडून घेतला. एक एक टाका घातला. बारीक. दोरा संपत आला तेव्हा गाठ मारली, तोंड खाली नेऊन दोरा दातानं तोडला, सुई काढून घेतलेल्या कात्र्यांच्या डब्यात टाकली, वाकळ माझ्या खांद्यावर ठेवली आणि पुढच्या माणसाला हात केला.